गुणण्यापूर्वी चिन्ह विचारा

बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला, हेंद्रेपाडा नावाची वस्ती आहे. पावसाळ्यात दोन-तीन दिवस संततधार लागली, की इथल्या लोकांचे एक लक्ष नदीकडे असते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी जुलै महिन्यात उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. त्यांपैकी २०१९ सालच्या पुरात, २७ जुलैला, बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. बदलापूर येथे उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर मानतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत वाचायला मिळणारे हे आकडे बीजगणिताच्या तासाला फळ्यावर लिहिण्याजोगे आहेत. कारण असमानता सोडवताना विद्यार्थी जिथे हटकून अडखळतात, नेमकी तीच जागा नदीची पातळी मोजताना समोर येते.

समजा, सकाळी ८ वाजता पाण्याची पातळी १७.१० मीटर आहे आणि ती दर तासाला ‘द’ मीटरने बदलते आहे. (खरी नदी इतक्या एकसारख्या वेगाने चढत-उतरत नाही. कर्जतकडच्या घाटात पडलेल्या पावसाचे पाणी खाली यायला वेळ लागतो, मध्येच ओढे-नाले येऊन मिळतात. पण दोन-चार तासांपुरता हा हिशेब चालून जावा.) ‘त’ तासांनंतरची पातळी १७.१० + द × त मीटर होईल. आता प्रश्न असा, की पाणी धोका पातळीच्या वर केव्हा असेल?

१७.१० + द × त > १७.५०

दोन्ही बाजूंतून १७.१० वजा केले, की

द × त > ०.४०

इथवर काही बिघडत नाही. पुढची पायरी म्हणजे दोन्ही बाजूंना ‘द’ ने भागायचे. वर्गातली बहुतेक मुले न थांबता लिहितील: त > ०.४० ÷ द. पण नदी चढते आहे की उतरते आहे हे कोणी सांगितले आहे का?

पाणी तासाला २० सेंटिमीटरने चढत असेल, म्हणजे द = ०.२० असेल, तर त > २. म्हणजे १० वाजल्यानंतर पाणी धोका पातळीच्या वर जाईल. सामान आवरायला दोन तास हातात आहेत. उलट, पाणी तासाला २० सेंटिमीटरने उतरत असेल, तर द = −०.२०. आता ‘द’ ने भागताना > या खुणेचे तोंड फिरवायला हवे. त्यामुळे उत्तर येते त < −२. ‘उणे दोन तास’ म्हणजे आठच्या आधी दोन तास. म्हणजे पाणी धोका पातळीच्या वर होते ते सकाळी ६ च्या पूर्वी. आता ते खाली गेले आहे आणि आणखी खाली जाते आहे. धोका पहिल्या उत्तरात पुढे आहे, दुसऱ्यात मागे पडला आहे.

खुणेचे तोंड फिरवायला विसरलो, तर काय होते तेही मुलांना करून पाहू द्यावे. उत्तर येईल त > −२, म्हणजे ६ वाजल्यापासून पुढे सदासर्वदा पाणी धोका पातळीच्या वर! पण ८ वाजता पातळी १७.१० आहे, हे तर आपण सुरुवातीलाच लिहिले होते. उत्तर नुसते थोडेसे चुकलेले नाही, ते नेमके उलटे आहे. आणि ‘द’ शून्य असेल, तर ० > ०.४० असे विधान उरते. ते कधीच खरे नसते. पाणी आहे तिथे थांबले असेल, तर ते धोका पातळीला पोचणार नाही, इतका साधा त्याचा अर्थ आहे.

म्हणजे ‘द’ चे चिन्ह ठाऊक नसेल, तर या असमानतेला एक उत्तर नाही. द > ०, द < ० आणि द = ० अशी तीन उत्तरे लिहावी लागतात, आणि तिन्ही लिहिली तरच गणित पुरे झाले.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांबाबत एक गोष्ट ठरवून घेऊ. मराठीत आपण < आणि > यांनाही ‘चिन्ह’ म्हणतो आणि संख्येच्या धन-ऋण असण्यालाही ‘चिन्ह’च म्हणतो. ‘चिन्ह बदलते’ असे शिक्षकांनी म्हटले, की विद्यार्थ्याला नक्की कोणते बदलते ते कळत नाही, आणि तो दोन्ही बदलून मोकळा होतो. या लेखात < आणि > यांना ‘खूण’ म्हटले आहे, आणि ‘चिन्ह’ हा शब्द धन-ऋणासाठी राखून ठेवला आहे. वर्गातही असा भेद केला तर अर्धा गोंधळ कमी होईल, असे मला वाटते. (या खुणा छापील पुस्तकात प्रथम आल्या त्या इंग्रज गणिती थॉमस हॅरियट याच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली निघालेल्या ग्रंथात. त्या मानाने आपली ‘धन’ आणि ‘ऋण’ ही नावे कितीतरी जुनी आहेत.)

तोंड फिरते ते का?

‘ऋण संख्येने गुणले की खूण उलटते’ हा नियम म्हणून पाठ करून घेणे सोपे आहे. पण कारण न कळता पाठ केलेला नियम नेमका गरजेच्या वेळी आठवत नाही. कारण सांगायला आपल्या भाषेतच सोय आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम दिले. ते शब्द व्यवहारातलेच आहेत: धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज. एकाजवळ ३०० रुपये आहेत आणि दुसऱ्याजवळ ५००, तर दुसरा अधिक सुस्थितीत आहे. तेच आकडे कर्जाचे झाले, तर ३०० रुपये देणे असलेला बरा. आकडे तेच, पण क्रम उलटला. −१ ने गुणणे म्हणजे सगळ्या मालमत्तेचे कर्ज आणि सगळ्या कर्जाची मालमत्ता करणे.

संख्यारेषेवर हेच शून्यापाशी आरसा धरल्यासारखे दिसते. आरशापासून जो लांब उभा असतो, त्याची प्रतिमाही आरशामागे तितकीच लांब असते. उजवीकडे ५ हा ३ च्या पुढे होता. आरशामागे −५ हा −३ च्याही डावीकडे गेला.

मात्र मोठ्या विद्यार्थ्यांना उपमेवर थांबवू नये. त्यांच्यासाठी एक ओळीची सिद्धता आहे. अ < ब याचा अर्थ काय? ब − अ ही संख्या धन आहे, एवढाच. आता दोन्ही बाजूंना क ने गुणू. नवा फरक होतो क × (ब − अ). कंसातली संख्या धन आहे, म्हणून या गुणाकाराचे चिन्ह क च्या चिन्हासारखेच असणार. क धन असेल तर नवा फरक धन, म्हणून खूण जशीच्या तशी राहते. क ऋण असेल तर नवा फरक ऋण, म्हणून खूण उलटते. क शून्य असेल तर फरकच पुसला जातो आणि असमानता नाहीशी होते.

याच ओळीतून बेरीज-वजाबाकी का निर्धास्त आहे तेही कळते. दोन्ही बाजूंत काहीही मिळवा, ते धन असो वा ऋण, फरक तेवढाच राहतो. चिन्ह ठाऊक नसलेली राशी इकडून तिकडे न्यायला, म्हणजे मिळवायला किंवा वजा करायला, हरकत नाही. तिने गुणायला किंवा भागायला मात्र हरकत आहे. पुढच्या सगळ्या रीती या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

छेदातला क्ष

१ ÷ क्ष < २ ही असमानता फळ्यावर लिहा आणि वर्गाला सोडवायला सांगा. क्ष ने दोन्ही बाजूंना गुणून १ < २क्ष, म्हणून क्ष > १/२, हे उत्तर बहुतेक वह्यांत दिसेल. आता क्ष = −४ घेऊन पाहायला सांगा. १ ÷ (−४) म्हणजे −०.२५, ते २ पेक्षा निश्चितच लहान आहे. −४ चालतो, −१०० चालतो, −०.००१ सुद्धा चालतो. सगळ्याच ऋण संख्या चालतात आणि आपल्या उत्तरात त्यांतली एकही नाही! क्ष ने गुणताना खूण तशीच ठेवली, त्या क्षणी आपण न बोलता ‘क्ष धन आहे’ असे गृहीत धरले आणि संख्यारेषेचा डावा अर्धा भाग दाराबाहेर ठेवला. समीकरणात असे होत नाही, म्हणून ही सवय लागते. १ ÷ क्ष = २ मध्ये क्ष ने गुणताना तो शून्य नाही एवढेच पाहावे लागते; चिन्ह कोणी विचारत नाही. दहावीपर्यंत समीकरणांचा सराव उदंड होतो, असमानतांचा फार थोडा. समीकरणाचा हात मग असमानतेवरही तसाच चालतो.

बरोबर सोडवण्याची पहिली रीत म्हणजे सरळ दोन शक्यता वेगळ्या करणे. क्ष > ० असेल, तर १ < २क्ष, म्हणून क्ष > १/२. क्ष < ० असेल, तर गुणताना खूण उलटून १ > २क्ष, म्हणून क्ष < १/२. इथे थांबून विद्यार्थी ‘क्ष < १/२’ हेच उत्तर लिहून टाकतात, आणि मग ०.१ सारखी संख्याही आत येते. पण १ ÷ ०.१ म्हणजे १०; ते काही २ पेक्षा लहान नाही. चूक कुठे झाली? ही शक्यता आपण ‘क्ष < ० असेल तर’ या अटीवर तपासत होतो. ती अट उत्तरापर्यंत सोबत न्यायला हवी. क्ष < ० आणि क्ष < १/२, म्हणजे नुसते क्ष < ०. शेवटचे उत्तर: क्ष < ० किंवा क्ष > १/२.

‘आणि’ कुठे व ‘किंवा’ कुठे, हे इथले खरे कठीण स्थळ आहे. एकाच शक्यतेच्या आत अट व निष्कर्ष ‘आणि’ने जोडायचे असतात, वेगवेगळ्या शक्यता एकमेकींशी ‘किंवा’ने जोडायच्या असतात. हे बीजगणितापेक्षा तर्काचे काम आहे, आणि ते मराठीत मोठ्याने बोलून केले तर लवकर उमगते. ‘क्ष ऋण असला तर, आणि तो अर्ध्याहून लहान असला तर’ हे वाक्य तोंडाने म्हटल्यावर दुसरी अट फुकाची आहे हे मुलांना स्वतःलाच ऐकू येते.

दुसरी रीत चतुराईची आहे. क्ष चे चिन्ह ठाऊक नाही, पण क्ष² चे चिन्ह ठाऊक आहे! क्ष शून्य नसेल तर क्ष² धनच असणार. तेव्हा क्ष ऐवजी क्ष² ने गुणू. मिळते क्ष < २क्ष², म्हणजे क्ष(२क्ष − १) > ०. दोन राशींचा गुणाकार धन आहे, तेव्हा त्या दोन्ही धन आहेत किंवा दोन्ही ऋण आहेत. दोन्ही धन: क्ष > १/२. दोन्ही ऋण: क्ष < ०. शक्यतांपासून सुटका इथेही झालेली नाही. पण त्या आता अगदी शेवटी, जिथे चूक व्हायला फारसा वाव नाही अशा जागी गेल्या आहेत.

तिसरी रीत मला स्वतःला सर्वांत आवडते. कशाने गुणायचेच नाही. सगळे एका बाजूला आणून ठेवायचे आणि उरलेल्या राशीचे फक्त चिन्ह पाहायचे. अ < ब म्हणजे फरकाचे चिन्ह, हे वर पाहिलेच आहे. ही रीत त्या व्याख्येलाच धरून चालते. अंश आणि छेद ज्या ज्या संख्येपाशी शून्य होतात, त्या संख्या रेषेवर मांडायच्या आणि मधल्या प्रत्येक तुकड्यातली एक-एक संख्या घालून चिन्ह तपासायचे. ही रीत नुसती सांगण्यापेक्षा एका प्रयोगावर लावून दाखवतो.

मेणबत्ती, भिंग आणि पडदा

दहावीच्या विज्ञानात कार्टेशियन चिन्ह संकेत शिकवला जातो. भिंगाच्या मध्यापासून प्रकाशाच्या दिशेने मोजलेली अंतरे धन, विरुद्ध दिशेने मोजलेली ऋण. वस्तू डावीकडे ठेवतात, म्हणून वस्तूचे अंतर ऋण असते. वस्तूचे अंतर क्ष, प्रतिमेचे अंतर य आणि बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर असेल, तर १/य − १/क्ष = १/१०, आणि त्यावरून

य = १०क्ष ÷ (क्ष + १०)

प्रश्न असा: प्रतिमा भिंगाच्या पलीकडे २० सेंटिमीटरपेक्षा दूर पडायला हवी असेल, तर मेणबत्ती कुठे ठेवावी? म्हणजे य > २० हवे. घाईने (क्ष + १०) ने गुणले, तर १०क्ष > २०क्ष + २००, म्हणून क्ष < −२०. मेणबत्ती २० सेंटिमीटरपेक्षा लांब न्या, असे उत्तर आले. प्रयोगशाळेत करून पाहा. मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर ठेवली, तर स्पष्ट प्रतिमा १५ सेंटिमीटरवरच्या पडद्यावर पडते. मेणबत्ती जितकी दूर न्याल तितका पडदा भिंगाकडे सरकवावा लागतो. उत्तर पुन्हा नेमके उलटे.

आता तिसऱ्या रीतीने पाहू. य − २० > ० हवे. समान छेद करून डावी बाजू येते −१०(क्ष + २०) ÷ (क्ष + १०). तिच्यातल्या −१० चे चिन्ह आपल्याला ठाऊक आहे, त्याने बिनधास्त भागू आणि खूण उलटवू:

(क्ष + २०) ÷ (क्ष + १०) < ०

अंश −२० पाशी शून्य होतो, छेद −१० पाशी. −२० च्या डावीकडे दोन्ही ऋण, म्हणून भागाकार धन. −१० च्या उजवीकडे दोन्ही धन, पुन्हा भागाकार धन. फक्त दोहोंच्या मध्ये अंश धन आणि छेद ऋण. तेव्हा उत्तर −२० < क्ष < −१०. मेणबत्ती भिंगापासून १० ते २० सेंटिमीटरच्या मध्ये हवी. १५ वर ठेवा, प्रतिमा ३० वर मिळेल.

इथे (क्ष + १०) चे चिन्ह म्हणजे नुसता बीजगणिताचा तपशील नव्हे. ते ऋण असेल तर मेणबत्ती नाभीच्या बाहेर आहे आणि प्रतिमा पडद्यावर घेता येते. ते धन असेल तर मेणबत्ती नाभीच्या आत आहे, प्रतिमा त्याच बाजूला आभासी पडते, आणि भिंगातून पाहिल्यावर ज्योत मोठी दिसते. क्ष = −१० पाशी छेद शून्य होतो, तेव्हा किरण समांतर बाहेर पडतात. राशी चिन्ह बदलते तिथे भौतिक परिस्थितीही बदलते; नदीच्या बाबतीतही ‘द’ चे चिन्ह म्हणजे पाण्याचे चढणे-उतरणेच होते. गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी हा एक तास मिळून घ्यावा, असे मी सुचवीन. मेणबत्ती, भिंग आणि पुठ्ठ्याचा पडदा यांपलीकडे काही लागत नाही.

भास्कराचार्यांची माकडे

चिन्ह ठाऊक नसण्याचा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात माकडांचे एक उदाहरण आहे. (चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद त्यात आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.) कळपाचा पाचवा भाग घ्यावा, त्यातून तीन वजा करावेत आणि बाकीचा वर्ग करावा, तितकी माकडे गुहेत गेली आणि एक बाहेर फांदीवर दिसते आहे. तर एकूण माकडे किती? आपल्या पद्धतीने,

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

सोडवल्यावर क्ष = ५० आणि क्ष = ५ अशी दोन मुळे येतात. दोन्ही घालून पाहा, समीकरण दोन्हींनी जुळते. पण भास्कराचार्य ५ नाकारतात. ५ चा पाचवा भाग १, आणि १ मधून ३ वजा केले की −२ उरतात. वर्ग केल्यावर ते ४ होतात खरे, पण एका माकडातून तीन माकडे वजा करणे लोकांना पटण्याजोगे नाही, अशा अर्थाचे कारण ते देतात. वर्ग करण्याने कंसाचे चिन्ह पुसले गेले होते. त्यांनी मागे जाऊन ते पुन्हा तपासले. पुढे क्ष/५ − ३ > ० ही असमानता त्यांनी आपल्यासारखी लिहिली नाही, पण वापरली मात्र तीच.

वर्ग करणे ही असमानतेत गुणण्याइतकीच निसरडी जागा आहे, कारण वर्ग करणे म्हणजे बाजूने स्वतःलाच गुणणे. −५ < ३ हे खरे आहे, पण २५ < ९ हे खोटे आहे. दोन्ही बाजू ऋण नसतील तरच वर्ग केल्यावर खूण टिकते. वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना पुढचे उदाहरण द्यावे. वर्गमूळ नेहमीप्रमाणे धन (किंवा शून्य) घेऊन,

√(क्ष + २) > क्ष

सरळ वर्ग केला तर क्ष² − क्ष − २ < ०, म्हणजे (क्ष − २)(क्ष + १) < ०, आणि उत्तर −१ < क्ष < २. पण क्ष = −१.५ घालून पाहिले, तर डावीकडे सुमारे ०.७१ येते आणि उजवीकडे −१.५. असमानता खरी आहे, तरी ही संख्या उत्तरात नाही. उजव्या बाजूचे चिन्ह विचारायचे राहून गेले. क्ष ऋण असेल तर वर्ग करण्याची गरजच नाही: डावी बाजू ऋण नाही, उजवी आहे, तेव्हा वर्गमूळाला अर्थ असेपर्यंत, म्हणजे −२ ≤ क्ष < ० असताना, विधान आपोआप खरे ठरते. क्ष शून्य किंवा धन असेल तर दोन्ही बाजूंचा निर्धास्तपणे वर्ग करता येतो, आणि ० ≤ क्ष < २ मिळते. दोन्ही शक्यता ‘किंवा’ने जोडल्या, की −२ ≤ क्ष < २.